शारदेचे मोडलेले लग्न

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. द्रव्यलोभी कांचनभट आपली कोवळी पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. पण ऐन मांडवात वधूवर सगोत्र असल्याचे उघड होते आणि लग्न मोडते. जीव द्यायला निघालेल्या शारदेला कोदंड वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीने तिचे पाणिग्रहण करतो. प्रेक्षक सुखाने घरी जातो. हे सुख कशामुळे लाभले, हे मात्र नीट पाहायला हवे. बापाला लाज वाटत नाही, गावकरी अंगावर घेत नाहीत, कायद्याचा तर प्रश्नच नाही. मुलगी सुटते ती गोत्रामुळे. गोत्र वेगळे असते तर मंगलाष्टके निर्विघ्न पार पडली असती. ज्या शास्त्राच्या आधाराने असे विवाह लागत, तेच इथे तारणहार होऊन येते. देवलांची शोकान्त टाळण्याची युक्ती मला खटकते ती इथे.

मांडवाबाहेर काय चालले होते? लहानपणी लावून दिलेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंना १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा, असे बजावले होते. संमतिवयाची मर्यादा १८९१ मध्ये दहावरून बारावर नेली, तर तेवढ्यावरून पुण्यात केवढा गदारोळ उठला! आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले ते विधवांसाठी. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ मध्ये पुनर्विवाह केल्याबद्दल धोंडो केशव कर्व्यांना त्यांच्या मुरूड गावाने वाळीत टाकले. त्यांना सोडवायला कोणत्याही धर्मपीठाची संमती आली नाही.

कोणी म्हणेल, नाटक म्हणजे खानेसुमारी नव्हे. आपल्या संस्कृत परंपरेलाही शोकान्त फारसा मानवत नाही. पण याच देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिले आणि त्यातले मरण टाळले नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ‘शारदा’मुळे म्हातारा नवरदेव हास्यास्पद ठरला आणि एखाद्या रूढीला हसू लागणे ही तिच्या अंताची सुरुवात असते. हे मला मान्य आहे, आणि त्याचे श्रेय देवलांचेच. मात्र ते श्रेय पहिल्या अंकांमधल्या उपहासाचे आहे, शेवटाचे नव्हे. उपहास प्रेक्षकाला अस्वस्थ करून सोडतो. गोत्राची सोय त्याची ती अस्वस्थता पुन्हा काढून घेते.

१९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मराठीत ‘शारदा कायदा’ म्हणून रूढ झाला, पण ते नाव हरविलास सारडा यांचे. नाटकाशी त्याचा संबंध नाही. त्या कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा ठरवले, आणि एकवीस वर्षांवरील पुरुषाने चौदाहून लहान मुलीशी लग्न केल्यास एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. लागलेले लग्न मात्र कायम राहत असे.