मोरस आणि बाहेरकाठा

मोरस शिजवायची तर मिठाच्या बरणीला हात लावायचा नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात, धरमतर खाडीच्या काठाने ही बुटकी भाजी आपसूक उगवते. कोवळे शेंडेच खुडायचे. लाल पडलेली जून काडी घ्यायची नाही. सुईसारखी पण गुबगुबीत पानं उकळून पाणी ओतून द्यायचं आणि भाजी घट्ट पिळायची. मग लसूण, कांदा, हिरवी मिरची आणि भिजवलेली चणाडाळ, नाहीतर मूठभर सुकट. एवढं करूनही पानात खारटपणा उरतो, तो पुरतो. घरात नवी सून आली की आजी चुलीपाशी बसून बजावायची, "मीठ नको टाकू गो, तिचा तिला हाय."

आजीची ही आवडती भाजी आजोबांना मात्र शेतात दिसलेली खपत नसे. भाताच्या खाचरात मोरस आली म्हणजे खारं पाणी आत शिरलं.

खारेपाटातली शेती खाडीकडून हिसकावून घेतलेली आहे. 1883 च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये बांध घालून लागवडीखाली आणलेल्या अशा 'शिलोत्री' जमिनींची नोंद सापडते. खाडीच्या अंगाचा बांध म्हणजे बाहेरकाठा. तो राखायला गावोगावी 'जोळ', म्हणजे गावकऱ्यांची सामायिक व्यवस्था असे. उधाणात बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की घरटी माणसं चिखल-पेंढा घेऊन धावत. खांड बुजली नाही तर पावसाने जमीन धुऊन निघेपर्यंत भाताची आशा नसे. मग खारं सोसणारा तांबडा राता भात पेरून बघायचा.

बांधावर घाम कुळाचा आणि खळ्यावर हक्क खोताचा, असा हा कारभार. त्याविरुद्ध 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने अलिबागजवळच्या चरी गावी संप पुकारला गेला. पंचवीस गावांतल्या कुळांनी 1939 पर्यंत खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. त्या वर्षांबद्दल आजी फार बोलत नसे. विचारलं तर म्हणायची, "भाजी होती, भाकर नव्हती."

पुढे कूळकायदा आला आणि जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली. 1948 च्या आणि नंतर 1979 च्या खारभूमी कायद्याने बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली, तशी जोळही विरत गेली. आता खांड पडली की फावडं उचलण्याआधी अर्ज लिहावा लागतो. निधी मंजूर होईतो खाचरात मोरस, आणि मोरसच्या मागून खारफुटी. एकदा खारफुटी माजली की ती तोडायला कायद्याने बंदी. ती बंदी योग्यच आहे. पण ज्याचं शेत गेलं त्याने काय करायचं, हा प्रश्न तसाच राहतो.

मुंबईच्या बाजारात मोरसचे वाटे हल्ली रानभाजी म्हणून कौतुकाने विकत घेतले जातात. अवश्य घ्यावेत, भाजी चवीची आहे. आमच्याकडे मात्र ती बांधाबाहेरच्या खाजणात राहिली तरच भाजी. खाचरात आली की नुकसान. दोहोंच्या मधला तो मातीचा बांध कोणी राखायचा, हे जोळ मोडल्यापासून ठरलेलं नाही.