नानांचं चालणं नक्की कुणाचं? मोशन कॅप्चरची गोष्ट

आजचा भाग सुरू होतो शिरवळमधून. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की लागतं ते शिरवळ. माझं गाव.

गेल्या दिवाळीत तिथं अंगणात आम्ही एक उद्योग केला. माझे चुलते, नाना, तरुणपणी जत्रेतल्या वगनाट्यात राजा व्हायचे. आता सत्तरी उलटली, गुडघा दुखतो. पण "नाना, एकदा राजासारखं चालून दाखवा ना" म्हटलं की गडी तयार! मी स्टुलावर पाण्याचा तांब्या ठेवला, त्याला मोबाईल टेकवला आणि व्हिडिओ घेतला. मग तो एका ॲपमध्ये टाकला. स्क्रीनवर नाना गायब झाले आणि नुसत्या काड्यांचा एक माणूस चालायला लागला. चेहरा नाही, फेटा नाही. तरी काकू लांबूनच म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आपलेच की!"

नाना मात्र गप्प. मग म्हणाले, "आरं, ह्ये चालणं माझं हाय का आता तुझ्या मोबाईलचं?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा भाग.

सुरुवात घोड्यापासून करू. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे जनावरांच्या चालीचा विषय आमच्या गावाला नवा नाही. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज या फोटोग्राफरनं धावपट्टीच्या कडेला ओळीनं कॅमेरे लावले आणि दौडत्या घोड्याचे फोटो काढले. चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचलले जातात, हे त्यात दिसलं. माणसाच्या डोळ्याला जे पकडता आलं नव्हतं, ते कॅमेऱ्यानं पकडलं.

पुढच्याच दशकात फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञानं माणसाला काळा पोशाख घातला. हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि त्याला काळ्या पडद्यापुढे पळवलं. फोटोत माणूस दिसेना, फक्त पांढऱ्या रेषा दिसल्या. म्हणजे आमच्या अंगणातला काड्यांचा माणूस तब्बल 140 वर्षांपूर्वीचा आहे! आणि तेव्हा मोबाईल तर सोडाच, सिनेमाही नव्हता.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी करून टिपली होती. हालचालीचे तुकडे करायचे आणि मग ते सलग दाखवायचे, हीच यातली मूळ युक्ती.

अमेरिकेत मॅक्स फ्लायशरनं ही युक्ती कार्टूनमध्ये आणली. त्याचा भाऊ डेव्ह विदूषकाचे कपडे घालून नाचला. त्या फिल्मची एकेक फ्रेम काचेवर पाडून फ्लायशरनं वरून चित्र गिरवलं. या यंत्राचं नाव रोटोस्कोप. पेटंटचा अर्ज 1915 चा, पेटंट मिळालं 1917 मध्ये. पुढे डिस्नेच्या 1937 च्या 'स्नो व्हाईट'साठी एक तरुण नर्तकी कॅमेऱ्यापुढे चालली, नाचली, गिरकी घेतली. चित्रकारांनी तिच्या हालचाली बघून राजकन्या काढली. सिनेमा जगभर गाजला. पडद्यावर त्या नर्तकीचं नाव मात्र नव्हतं.

ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण परत तिच्याकडे येणार आहोत.

शिरवळपासून तासा-दीड तासावर जेजुरी. तिथल्या मावडी कडेपठार गावाशी एका घराण्याचं मूळ जोडलं जातं. त्या घराण्यातला मुलगा 1950 मध्ये बंगळुरूत जन्मला, बस कंडक्टर झाला. नाव शिवाजीराव गायकवाड. तुम्ही त्यांना रजनीकांत म्हणता! ज्यांच्या नुसत्या चालण्यावर थिएटरात शिट्ट्या पडतात, त्यांच्याच 'कोचादैयान'मध्ये मोशन कॅप्चर मोठ्या प्रमाणात वापरलं गेलं. दिग्दर्शक त्यांचीच मुलगी, सौंदर्या. 2012 मध्ये लंडनजवळच्या पाईनवुड स्टुडिओत अंगावर मार्कर लावून रजनीकांत चालले आणि 2014 मध्ये पडद्यावर त्यांचं कॉम्प्युटरनं बनवलेलं रूप आलं. अनेकांना पात्रं कठपुतळीसारखी वाटली, टीकाही झाली. पण त्याच सिनेमात अभिनेते नागेशही होते. नागेश 2009 मध्येच वारले होते! माणूस गेल्यावरही त्याचं पात्र नवीन सिनेमात काम करू शकतं, हे तिथं दिसलं.

त्या सिनेमाला मार्कर आणि मोठा स्टुडिओ लागला. आज व्हिडिओ पुरतो. 2017 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचं ओपनपोझ आलं. 2020 मध्ये गुगलचं ब्लेझपोझ आलं, ते शरीरावरचे 33 बिंदू शोधतं आणि मोबाईलवर चालतं. माणसांनी सांधे खुणावून दिलेले ढीगभर फोटो दाखवून या प्रोग्रॅमला शिकवलेलं असतं. मग तो प्रत्येक फ्रेममध्ये खांदा कुठे, गुडघा कुठे याचा अंदाज बांधतो. लक्षात घ्या, अंदाज! नानांच्या धोतरात गुडघे लपले, तिथं काड्यांचा माणूस भलतीकडेच वाकला. एक पाय दुसऱ्याच्या मागे गेला की डावा-उजवा यांची अदलाबदल. मारेनं घट्ट काळा पोशाख का घातला होता, ते तेव्हा कळलं.

आता नानांचा प्रश्न. सप्टेंबर 2023 मध्ये अनिल कपूर दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि आपलं नाव, आवाज, चेहरा, अगदी 'झकास'सुद्धा परवानगीशिवाय वापरण्याला मनाई मिळवली. पुढच्या वर्षी जॅकी श्रॉफ यांनी 'भिडू'साठी दाद मागितली. ही मोठी माणसं. पण गर्दीत चालणाऱ्या, मारामारीत पडणाऱ्या माणसाचं काय? अमेरिकेत 2024 मध्ये व्हिडिओ गेममधल्या कलाकारांनी संप केला, त्यात एक मोठा मुद्दा हाच होता: अंगानं काम करणारा माणूस कलाकार आहे की नुसता डेटा?

आपल्या कॉपीराईट कायद्यात 'परफॉर्मर' म्हणून नट, गायक, नर्तक तर आहेतच, डोंबारी, जादूगार आणि गारुडीही आहेत. वाचून मला भारी वाटलं. पण 2012 च्या दुरुस्तीत एक मेख आहे. सिनेमात काम किरकोळ असेल आणि श्रेयनामावलीत नाव नसेल, तर बहुतेक बाबतीत त्याला परफॉर्मर धरत नाहीत. म्हणजे शेवटी पडद्यावर सरकणारी ती बारीक अक्षरांतली नावं नुसती मानाची नाहीत, हक्काची आहेत. 'स्नो व्हाईट'वाली नर्तकी आठवली ना?

माझा मित्र गेम बनवतो. त्याला नानांची राजाची चाल हवी होती. मी आधी नानांना फोन केला. ते म्हणाले, "दे की. पण खाली माझं नाव लिव्ह. आन् गुडघ्याचं लंगडणं काढू नगं, त्ये बी माझंच हाय."

तुम्हीही कुणाचं नाचणं, लेझीम, चालणं मोबाईलवर घेऊन ॲपमध्ये टाकणार असाल, तर आधी विचारा. आणि खाली नाव लिहा. भेटू पुढच्या भागात!