अध्यापनाच्या जागेची मालकी : विद्यापीठांतील अध्ययन-व्यवस्थापन प्रणालींचा इतिहास

अभ्यासक्रमाचे साहित्य, विद्यार्थ्यांची नोंदणी, स्वाध्याय, चाचण्या, गुण आणि चर्चा यांना एकाच ठिकाणी आणणाऱ्या संगणकीय व्यवस्थेला अध्ययन-व्यवस्थापन प्रणाली, किंवा प्राध्यापकांच्या रोजच्या भाषेत ‘एलएमएस’, असे म्हणतात. अशी प्रणाली निवडताना विद्यापीठांच्या समित्या बहुधा सोयींची यादी आणि किंमत यांची तुलना करतात. परंतु या प्रणालींच्या सहा दशकांहून अधिक काळाच्या इतिहासाकडे पाहिले, तर त्या निवडीने अधिक खोलवरचा एक प्रश्न वेळोवेळी निकालात काढलेला दिसतो. ज्या जागेत अध्यापन घडते त्या जागेत बदल करण्याचा अधिकार कोणाकडे राहील, हा तो प्रश्न होय.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात झाला. तेथे 1960 मध्ये डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ ही प्रणाली ‘इलियाक’ या विद्यापीठाच्याच संगणकावर उभी केली. 1967 च्या सुमारास पॉल टेन्झार या जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ‘ट्यूटर’ नावाची संगणकभाषा तयार केली आणि त्यामुळे संगणकशास्त्राचे शिक्षण न घेतलेल्या अध्यापकांनाही आपले पाठ स्वतः रचता येऊ लागले. प्लेटोच्या 1972 मधील चौथ्या आवृत्तीत प्लाझ्मा पडदा आणि बोटाच्या स्पर्शाने उत्तर देण्याची सोय आली, तर 1973 मध्ये संदेश-चर्चेचे ‘नोट्स’ हे साधन आले. मात्र तिची यंत्रसामग्री महाग होती. 1976 पासून ‘कंट्रोल डेटा’ या कंपनीने ती बाजारात विकण्याचा प्रयत्न केला, तरी खर्चाच्या भारामुळे ती सर्वसामान्य विद्यापीठांच्या आवाक्यात आली नाही.

इंटरनेटवरील ‘वर्ल्ड वाइड वेब’चा प्रसार झाल्यावर ही अडचण दूर झाली, कारण आता खास यंत्राची गरज उरली नाही आणि साधा ब्राउझर पुरेसा ठरला. कॅनडातील व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात संगणकशास्त्राचे अध्यापक मरे गोल्डबर्ग यांना 1995 मध्ये अध्यापन-सुधारणेसाठी विद्यापीठाकडून अनुदान मिळाले. एक अभ्यासक्रम वेबवर मांडण्यास किती श्रम पडतात याचा अनुभव घेतल्यावर त्यांनी इतर अध्यापकांनाही तसे अभ्यासक्रम रचता यावेत यासाठी ‘वेबसीटी’ हे साधन घडवले. 1996 मध्ये पॅरिसच्या परिषदेत ते सादर झाल्यावर अन्य विद्यापीठांकडून मागणी येऊ लागली आणि 1999 मध्ये ते एका अमेरिकी कंपनीच्या हाती गेले. दरम्यान 1997 मध्ये वॉशिंग्टन येथे ‘ब्लॅकबोर्ड’ ही कंपनी स्थापन झाली होती व पुढल्या वर्षी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी उभारलेला उद्योग तिच्यात विलीन झाला. अशा रीतीने वर्गाच्या गरजेतून जन्मलेली साधने अल्पावधीतच परवाना-शुल्कावर मिळणारी उत्पादने बनली.

विद्यापीठांनी ती स्वीकारली याची कारणे समजण्यासारखी आहेत. प्रवेश-नोंदणीची प्रणाली, ग्रंथालय आणि परीक्षा विभाग यांच्याशी जुळणारी, तांत्रिक साहाय्याची हमी देणारी एकच व्यवस्था सर्व विभागांसाठी मिळणे प्रशासनाला सोयीचे होते. परंतु हजारो अभ्यासक्रम एका रचनेत बसवले, प्रश्नपेढ्या त्या रचनेनुसार भरल्या आणि अध्यापकांना तिची सवय लागली, की ती सोडून दुसरीकडे जाण्याचा खर्च दरवर्षी वाढत जातो आणि शुल्कवाढीपुढे विद्यापीठ हतबल होते. साहित्य एका प्रणालीतून दुसरीत नेता यावे म्हणून ‘स्कॉर्म’ आणि ‘कॉमन कार्ट्रिज’ यांसारखी मानके, म्हणजे सर्व उत्पादकांनी पाळावयाचे समान नियम, तयार झाली. पण चर्चा, गुण आणि विद्यार्थ्यांच्या कामाचा इतिहास त्यांतून पूर्णपणे हलवता येत नव्हता. 2006 मध्ये ब्लॅकबोर्डने वेबसीटी विकत घेतली, तेव्हा वेबसीटी वापरणाऱ्या शेकडो संस्थांना स्वतः न निवडलेल्या कंपनीचे ग्राहक व्हावे लागले.

या परावलंबनाला उत्तर शोधणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन दूजिआमास हे प्रमुख होत. त्यांचे बालपणीचे शिक्षण वाळवंटी प्रदेशात रेडिओच्या साहाय्याने झाले होते आणि पुढे कर्टिन विद्यापीठात वेबसीटीची देखभाल करताना तिच्या मर्यादा त्यांना जाणवल्या होत्या. शिकणारे परस्परांशी बोलत आणि एकमेकांसाठी काही घडवत ज्ञान उभे करतात, या शैक्षणिक भूमिकेवर आधारलेली ‘मूडल’ ही प्रणाली त्यांनी विकसित केली. 20 ऑगस्ट 2002 रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती मुक्त स्रोत परवान्याखाली प्रसिद्ध झाली. म्हणजे तिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि विनाशुल्क वापरता येत होती. 2004 मध्ये मिशिगन, इंडियाना, स्टॅनफर्ड आणि एमआयटी या संस्थांनी मेलन प्रतिष्ठानच्या साहाय्याने ‘साकाई’ हा स्वतःचा मुक्त स्रोत प्रकल्प हाती घेतला. 2005 मध्ये ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने मूडलची निवड केली आणि ती निवड विशेष महत्त्वाची ठरली, कारण दूरशिक्षण हेच ज्याचे मुख्य कार्य आहे अशा संस्थेने ती केवळ वापरली नाही, तर आपले तंत्रज्ञ तिच्या विकासाला लावले आणि त्यांनी केलेल्या सुधारणा सर्वांसाठी खुल्या झाल्या.

मालकीचा प्रश्न पुढे थेट न्यायालयात पोहोचला. जानेवारी 2006 मध्ये ब्लॅकबोर्डला अमेरिकेत एक पेटंट मिळाले. त्यातील मुख्य दावा असा होता, की एकाच व्यक्तीला एकाच खात्यातून एका अभ्यासक्रमात अध्यापक आणि दुसऱ्यात विद्यार्थी अशा वेगवेगळ्या भूमिका घेता येण्याची रचना ही कंपनीची निर्मिती आहे. त्याच वर्षी तिने कॅनडाच्या ‘डिझायर टू लर्न’ या कंपनीवर दावा लावला. जगभरच्या अध्यापकांनी आणि तंत्रज्ञांनी त्यापूर्वीच्या प्रणालींचे पुरावे एकत्र करण्यास आरंभ केला आणि त्या उद्योगातून या क्षेत्राचा विस्मरणात गेलेला बराचसा इतिहास लिहिला गेला. फेब्रुवारी 2008 मध्ये टेक्सासमधील ज्यूरीने सुमारे 31 लाख डॉलरची भरपाई ठरवली; परंतु जुलै 2009 मध्ये अपील न्यायालयाने वादातील दावे अवैध ठरवले आणि त्या वर्षाअखेर दोन्ही पक्षांत समझोता झाला. विद्यापीठांनी अनुदानातून वाढवलेल्या कल्पनांवर एका कंपनीचा एकाधिकार बसू शकतो, ही शक्यता या प्रकरणाने सर्वांसमोर उघड केली.

महाराष्ट्रात दूरशिक्षणाची परंपरा वेबवरील एलएमएसपेक्षा जुनी आहे. 1989 मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने छापील अध्ययन-साहित्य आणि अभ्यासकेंद्रे यांच्या आधारे ती रुजवली. मुंबईच्या आयआयटीने मूडल आपल्या वर्गांत वापरली, देशभरातील अभियांत्रिकी अध्यापकांच्या प्रशिक्षणातही तिचा उपयोग केला आणि 2013 मध्ये ‘एडएक्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठाची आज्ञावली मुक्त झाल्यावर तिच्या आधारे स्वतःचे शिक्षणपीठ उभारले. 9 जुलै 2017 रोजी केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ औपचारिकपणे सुरू झाले; त्यावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक ग्राह्य धरण्याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 च्या नियमांत 20 टक्के ठेवली होती, ती 2021 मध्ये 40 टक्क्यांपर्यंत वाढवली. मार्च 2020 नंतरच्या टाळेबंदीत मात्र अनेक महाविद्यालयांनी हाताशी असलेली मोठ्या कंपन्यांची विनाशुल्क साधने वापरली. त्या संकटात अध्यापन चालू ठेवण्यासाठी ते आवश्यकच होते, तरी तातडीचा उपाय आणि विचारपूर्वक केलेली निवड यांतील भेद त्यानंतर पुसट होऊ देणे योग्य नव्हे.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष केवळ मुक्त स्रोताची स्तुती करणारा नाही. मुक्त आज्ञावली विनाशुल्क मिळते, पण सर्व्हर, देखभाल, सुरक्षितता आणि अध्यापकांचे प्रशिक्षण यांचा खर्च टळत नाही. ज्या संस्थेकडे हे सांभाळणारी माणसे नाहीत, तिच्या हातात मूडलही निव्वळ फाइली साठवण्याची कोठी बनून राहते. उलट कंपनीची प्रणाली घेणाऱ्या विद्यापीठानेही करारातच सर्व साहित्य, गुण आणि चर्चा वापरण्याजोग्या स्वरूपात परत मिळण्याची तरतूद केली, तर त्याचे स्वातंत्र्य बऱ्याच अंशी टिकते. म्हणून निवड-समितीत खरेदी विभागाच्या जोडीला प्रत्यक्ष शिकवणाऱ्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना स्थान असावे, मराठीतून शिकणाऱ्यांना ती प्रणाली मराठीत वापरता येते का हे तपासले जावे आणि परवान्यावर होणाऱ्या खर्चाइतकेच महत्त्व ती सांभाळणाऱ्या कायम तंत्रज्ञांच्या नेमणुकीला दिले जावे. प्रणाली सोडून जाण्याचा मार्ग ज्या विद्यापीठाने ती स्वीकारण्यापूर्वीच निश्चित केला आहे, त्याच विद्यापीठाने आपली निवड खऱ्या अर्थाने स्वतः केली असे म्हणता येते.