पगारातले दोनशे रुपये

पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला 'प्रोफेशनल टॅक्स' म्हणून दोनशे रुपये कापले जातात (फेब्रुवारीत तीनशे!). मीही कुरकुरायचो. मग कळलं, हा कर दुष्काळातून आलाय.

इंग्रजांनी 1880च्या दुष्काळ आयोगानंतर 'फॅमिन कोड' केले. सरकारने दुष्काळ जाहीर केला, की खडी फोडायची कामं निघणार. पण जाहीर कधी करायचा, ते साहेबाच्या मर्जीवर. 1899-1900 मध्ये आपल्या वऱ्हाडात, कोड वगैरे सगळं असून, माणसं मेलीच.

1972च्या दुष्काळानंतर विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर आली. (उपसभापती होते आपल्या दर्यापूरकडचे रा. सू. गवई.) 1977 साली तिचा कायदा झाला, 1979च्या 26 जानेवारीपासून लागू. आता जाहीर-बिहीर काही नाही. गावातल्या माणसाने काम मागितलं, की सरकारने द्यायचंच. केंद्राचा असा कायदा यायला 2005 उजाडलं!

पैसा कुठून? शहरातल्या नोकरदारांकडून, 1975च्या व्यवसाय कर कायद्याने. जितका कर जमेल तितकीच भर राज्याने घालायची. म्हणजे अकोल्याच्या शेतमजुराचा बांध मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून.

जमलेला पैसा पुरता खर्च होत नाही, ही ओरड मात्र जुनीच. मी हल्ली कुरकुरतो ती त्याबद्दल.