'कॅनी' : एका शब्दाची वाटचाल

एखाद्या गड्याला 'हुशार आहे' म्हटले, की आपल्याकडे ऐकणारा लगेच विचारतो, 'हुशार म्हंजे कसा? शहाणा, की बेरकी?' स्कॉटलंडातला 'कॅनी' हा शब्द असाच संशयाचा धनी झालेला आहे.

त्याचे मूळ 'कॅन' या क्रियापदात आहे. आज 'कॅन' म्हणजे शकणे. पूर्वी त्याचा अर्थ होता जाणणे. आपल्या 'जाणणे'चा, संस्कृतातल्या 'ज्ञा'चा, हा दूरचा नातलग. तेव्हा कॅनी माणूस म्हणजे जाणता माणूस. स्कॉटलंडात सुइणीला 'कॅनी वाइफ' म्हणत. पैसा जपून खर्चणारा, तोही कॅनी. त्यावरून शेजारच्या इंग्रजांनी सगळ्या स्कॉच लोकांना चिक्कू ठरवले, तो भाग निराळा! सरहद्दीच्या दक्षिणेला न्यूकॅसलकडे मात्र हाच शब्द गोड झाला. तिथे कॅनी पोर म्हणजे गुणी पोर.

पण या शब्दाची खरी ओढाताण झाली ती ग्लासगोच्या बंदरात. स्कॉच बोलीत गाडी हाकणाऱ्याला 'कॉ कॅनी' म्हणत. म्हणजे आपले 'दमानं हाक'. १८८९ साली तिथल्या गोदी कामगारांनी मजुरीवाढीसाठी संप केला. मालकांनी खेड्यांतून शेतमजूर आणून काम भागवले आणि संप मोडला. कामगार जुन्याच मजुरीवर परतले. तेव्हा त्यांच्या संघाच्या चिटणिसाने सांगितले, की मालक शेतमजुरांच्या कामावर खूश आहेत. त्यांना बोटीवर धड चालता येत नव्हते, निम्मा माल हातून पडत होता. तर आपणही तसेच काम करू या! (बिचाऱ्या शेतमजुरांचा तरी काय दोष? जन्मभर नांगर धरलेल्याला डुलत्या बोटीवर ओझे नेता येईल कसे?) थोड्याच दिवसांत मालकांनी मागितलेली वाढ कबूल केली, असा वृत्तान्त एमिल पूजे या फ्रेंच लेखकाने दिला आहे.

या युक्तीला नाव पडले 'कॉ कॅनी'. १९०१ साली लंडनच्या 'टाइम्स'ने तिच्याविरुद्ध लेखमालाच चालवली. मालकांच्या तोंडी त्या नावाचा अर्थ झाला कामचुकारपणा. कामगारांच्या तोंडी, जेवढी मजुरी तेवढे काम. आणि शब्द तर तेच, गाडीवाल्याचे.