आज्ञापत्र आणि आज्ञावली

भीमाकाठच्या अफजलपूर परिसराने राज्यकारभाराच्या भाषा अनेकदा बदलताना पाहिल्या आहेत. बहमनी काळात फारसी, आदिलशाहीत महसुली दप्तरात मराठीही, निजामाच्या राजवटीत १८८४ नंतर उर्दू आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर कन्नड. भाषा बदलल्या, तरी दप्तराची गरज एकच राहिली : हुकूम देणारा समोर नसताना त्याचा शब्द अचूक अमलात यावा. हेमाद्रीच्या नावाशी निगडित मेस्तकांत पत्रांचे मायने बांधून दिले आहेत, ते याच गरजेपोटी. संगणकाच्या इतिहासातही मला तीच गरज दिसते.

एकाच संगणकावर अनेकजण काम करू लागले, तेव्हा त्याच त्या आज्ञा रोज टंकित करणे कष्टाचे झाले. १९६३-६४ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी संस्थेत लुई पूझँ या फ्रेंच तज्ज्ञाने 'रनकॉम' रचला. आज्ञांची यादी फाइलमध्ये लिहावी आणि संगणकाने ती क्रमाने पार पाडावी, ही त्यामागील कल्पना. माणसाच्या आज्ञा यंत्रापर्यंत नेणाऱ्या प्रणालीस 'शेल' हे नावही त्यानेच दिले. पुढे बेल प्रयोगशाळेत युनिक्स सिद्ध झाली. १९७९ च्या तिच्या सातव्या आवृत्तीतील स्टीफन बोर्न यांच्या शेलमध्ये 'असे असेल तर' आणि 'प्रत्येकासाठी' अशा रचना लिहिता येत. ठरल्या वेळी आज्ञावली आपोआप चालविणारा 'क्रॉन'ही त्या आवृत्तीत होता. रात्री फाइलींच्या प्रती घेणे, जुन्या नोंदी काढणे, डिस्क भरत आली की सूचना देणे, ही कामे व्यवस्थापक झोपेत असताना होऊ लागली. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये आलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकालाही गणिते सोपविली जातात, ती अशाच लिखित आज्ञावलीने.

मात्र एक भेद विसरता कामा नये. हुकमात गावाचे नाव कोरे राहिले, तर कारकून लेखणी थांबवून विचारणा करी. शेल विचारत नाही. जानेवारी २०१५ मध्ये 'स्टीम' या खेळांच्या प्रणालीची लिनक्सवरील एक आज्ञावली गाजली. एका विशिष्ट कप्प्यातील सर्व काही पुसावे, असा तिच्या एका ओळीचा हेतू होता. कप्प्याचे नाव रिकामे राहिले आणि 'मुळापासून सर्व पुसावे' असा अर्थ झाला. एका वापरकर्त्याच्या फाइली गेल्या. जोडलेल्या बाह्य डिस्कवरील प्रतीही गेल्या. ही ओळ धास्ती वाटावी अशी आहे, अशी टीप लिहिणाऱ्याने तेथेच करून ठेवली होती. टीप माणसांसाठी असते. यंत्र ती ओलांडून पुढे जाते.

विद्यार्थी मित्रहो, जागा रिकामी दिसताच थांबावे, असे शेलला सांगता येते. पण ते लिहावे लागते. जुन्या दप्तरात आधी मसुदा होई, मग शुद्ध प्रत. तसेच येथेही करावे : पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी काय पुसले जाणार त्याची यादी पडद्यावर आणावी, ती वाचावी, आणि मगच आज्ञावली रात्रीच्या हवाली करावी.