थर, गुडघा आणि कंडरा

स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी म्हणजे कंडरा. टाचेमागे चिमटीत सापडते ती शरीरातली सर्वांत जाड. कंडरेला रक्तपुरवठा बेताचा, म्हणून ती सावकाश घडते. बैठकांनी मांडी दीड-दोन महिन्यांत भरलेली दिसते, गुडघ्याखालची कंडरा तेव्हा मागेच असते.

जुन्या तालमीत याचा हिशेब न सांगता होत असे. नव्या पोराला आधी जोर-बैठका. आकडा हळूहळू वाढायचा. मल्लखांबावर चढणे त्यानंतर. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी घरोघरी पोचवलेल्या सूर्यनमस्कारात टाच जमिनीला टेकवताना पोटरी ताणली जाते, तेही त्याच शिस्तीतले.

ठाण्यात दहीहंडीचा गोविंदा मात्र वाढला तो वेगळ्या गतीने. शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांच्या टेंभी नाक्यावरच्या हंडीने शहराचे नाव झाले, मग बक्षिसे आणि थर दोन्ही चढत गेले. 2012 मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यातच नऊ थर लावून गिनेस विक्रम केला, उंची 13.34 मीटर. थर लागतात तेव्हा वरचे गोविंदा उकिडवे बसलेले असतात आणि खांद्यावर माणसे घेऊन एकेक थर उठतो. त्या उठण्याचा मोठा भार गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर येतो. बातमी पडलेल्याची होते, या कंडरेच्या दुखण्याची होत नाही.

मग अंग लवचीक असले की भागते का? अर्धेच. बेल्जियममध्ये शारीरिक शिक्षणाच्या 138 विद्यार्थ्यांवर दोन वर्षे लक्ष ठेवले, त्यांतल्या 19 जणांची ही कंडरा दुखावली. मांडीचे पुढचे-मागचे स्नायू आखडलेले असणे हाच ठळक फरक निघाला. उलट ऑस्ट्रेलियात 1,538 नव्या सैनिकांच्या पाहणीत व्यायामाआधीच्या ताणांनी पायाच्या दुखापती लक्षणीय कमी झाल्या नाहीत. आयत्या वेळी पाय ताणणे आणि वर्षभर अंग मोकळे ठेवणे या दोन गोष्टी आहेत. कंडरेला बळ येते ते वाढत्या भारानेच: 1998 मध्ये स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी टाचेची दुखरी कंडरा सावकाश भार देत बरी केली, त्याला 12 आठवडे लागले.

पथकांचा सराव गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सुरू होतो. अधिक महिना नसेल तर गोपाळकाल्यापर्यंत जेमतेम साडेपाच आठवडे उरतात. थर गुरुपौर्णिमेलाच लावावेत. बैठका मात्र अक्षय्यतृतीयेपासून सुरू व्हायला हव्यात.